पैकीच्या पैकी

चौथीच्या इतिहासाचं नवं पुस्तक वन्संनी लिहिलं होतं. त्याचा मुलांवर काय परिणाम झाला हे तपासायचं कामही त्यांनीच वजन वापरून आपल्या भावजयीला मिळवून दिलं. नातं कागदावर नोंदवावं, असं भावजयीला वाटलं होतं. वन्संनी ते हसण्यावारी नेलं आणि तीही गप्प बसली.

अकरा शाळांचे निकाल झकास होते. बाराव्या शाळेत वर्गशिक्षिकेनं तिला दारातच अडवलं.

"किती वेळ खाणार? माझा पोर्शन राहिलाय."

वर्गात चार मुलं अगदी मागे बसली होती. त्यांच्या पुढचा बाक मोकळा होता.

"इथं कुणी का बसत नाही?"

"ते आगवाले आहेत ना!" पुढची एक मुलगी म्हणाली. वर्ग खिदळला. शिक्षिकाही तोंड फिरवून हसली.

पाचवा धडा साठ वर्षांपूर्वी बाजाराला लागलेल्या आगीचा होता. त्यात एक वाक्य होतं : 'ही आग खाणीपलीकडच्या लोकांनी लावली असे म्हणतात.' ती चौघं गावाबाहेरच्या खाणीपलीकडच्या वस्तीतून येत होती.

मधल्या सुट्टीत तिनं त्यांच्यातल्या एका मुलीचा सहामाहीचा पेपर काढला. आग कोणी लावली? 'खाणीपलीकडच्या लोकांनी.' पैकीच्या पैकी गुण.

"तुला हे खरं वाटतं?"

मुलीनं आधी दाराकडे पाहिलं. "माझे पणजोबा आग विझवायला गेले होते. दोन्ही हात भाजले त्यांचे. चाचणीत मी तसं लिहिलं तर बाईंनी भोपळा दिला. मग सहामाहीत पुस्तकातलं लिहिलं."

भावजयीनं आधीच्या अकराही शाळा पुन्हा पालथ्या घातल्या. आता ती गुण बघत नव्हती. कोण कुणाशेजारी बसतं, कोण कुणाला खेळायला घेतं, ते बघत होती. खाणीपलीकडची मुलं तीन शाळांत निघाली. तिन्हीकडे तेच.

ती थेट वन्संच्या घरी गेली.

"वन्सं, ते वाक्य कुठून आणलंत?"

"'असे म्हणतात' लिहिलंय मी. म्हणतातच ना लोक?"

"परीक्षेत ते 'म्हणतात' कुठं गेलं मग?"

वन्संच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काम कुणी मिळवून दिलं, विसरलीस?"

"नाही विसरले. पण हे अहवालात जाणार."

"मग या घराची पायरी पुन्हा चढू नकोस."

नवरा घरी वाटच बघत होता. बहिणीचा फोन येऊन गेला होता. "ताईनं मला लहानाचं मोठं केलंय. एक वाक्य गाळलंस तर काय बिघडेल?"

"मी वन्संना तेच सांगतेय," ती म्हणाली. तो उठून आत गेला. पुढे कित्येक दिवस कामापुरतंच बोलत राहिला.

पाठ्यपुस्तक समितीच्या बैठकीत अहवाल वाचून होताच वन्सं उभ्या राहिल्या. "ही माझी भावजय. नातं लपवून काम घेतलं आणि आता घरातलं भांडण इथं आणलंय."

अध्यक्षांनी फाइल मिटली. "खरं आहे का हे?"

"नातं सांगितलं नाही, ही माझी चूक," ती म्हणाली. "पण मुलांचे पेपर मी लिहिलेले नाहीत." तिनं सगळे पेपर टेबलावर ठेवले. एक-दोघांनी चाळले. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

अहवाल रद्द झाला. तिला पुन्हा काम मिळालं नाही. नव्या आवृत्तीत ते वाक्य मात्र नव्हतं. आपणच ते काढलं, असं वन्सं सगळ्यांना सांगत सुटल्या.

नवं वर्ष सुरू झाल्यावर ती त्या बाराव्या शाळेत गेली. वर्गशिक्षिकेनं फाटक उघडलंच नाही. "आता कुठल्या अधिकारानं आलात? आमच्या पोटावर पाय द्यायला?"

मधल्या सुट्टीत ती पेपरवाली मुलगी धाकट्या बहिणीला हाताला धरून फाटकाशी आली. बहीण आता चौथीत होती.

"पुस्तकात नाहीये आता ते," धाकटी म्हणाली. "बाईंनी फळ्यावर लिहून दिलं. 'म्हणतात' पण नाही लिहिलं."

भावजयीनं फाटकालगतच्या कठड्यावर वही ठेवली, तारीख टाकली आणि पोरीचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.