उद्या खोकत ये

रेत्नोला सर्दी झाली ती नेमकी नको त्या आठवड्यात. तिचे वडील दार्मो रक्ताच्या कॅन्सरने घरी अंथरुणाला खिळलेले, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की घरातली साधी शिंकसुद्धा त्यांच्या जिवावर बेतेल. मग तिच्या आईने, सुमिनीने, पोरीची पिशवी भरली आणि तिला दोन गल्ल्या पलीकडे युमीमावशीकडे धाडलं.

मावशीचं निदान ठरलेलं. अंगात वारा शिरलाय. तिने रेत्नोला पालथं झोपवून पाठीला तेल चोळलं आणि नाण्याच्या कडेने लालभडक पट्टे उठेपर्यंत खरवडलं. पहाटे उघड्यावर पळायचं आणि वर विचारायचं सर्दी कशी झाली, असं तिचं तोंड चालूच होतं. वारा काही निघाला नाही. सर्दी नाकातून उतरली ती थेट छातीत जाऊन बसली.

आता दार्मो म्हणजे सालातिगा शहराच्या मैदानावर तीस वर्षं पोरांना पळायला शिकवलेला माणूस. सर्दी नाकात असेल तर पळा, छातीत उतरली की घरी बसा, हा त्यांचा नियम. तो मोडला म्हणून त्यांनी एकदा अख्ख्या मैदानासमोर रेत्नोला झापलं होतं. आणि आता हीच बया रोज उजाडताना त्यांच्याच खिडकीखालून नियम मोडून पळत होती. आईने थाप मारली होती, पोरगी सरावासाठी मैदानाजवळ राहायला गेलीय, रोज इथूनच पळत जाते. बिचारी दुसरं काय सांगणार? आजारी आहे म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, असू दे, आणा तिला आत. रेत्नोला हवं होतं ते एवढंच, की जाता जाता बाबांनी आपल्याला पळताना पाहावं.

फोनवर बोलायचीही सोय नव्हती. घसा असा बसलेला, की दुसऱ्या शब्दाला पकडली गेली असती. म्हणून कोपऱ्यावरच्या चिंचेपासून ती श्वास रोखून धरायची, हसऱ्या तोंडाने हात हलवत खिडकी ओलांडायची आणि वळणापलीकडे भिंतीला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकायची. असे पाच दिवस गेले.

पाचव्या संध्याकाळी आईचा फोन आला.

"ते रोज विचारतात, रेत्नो आली नाही का? मी म्हणते, आत्ता तर गेली. आज म्हणाले, सुमिनी, खोटं नको बोलूस. मला ईदपासून खिडकीच्या गजांपलीकडचं दिसत नाही. मी तिला श्वासावरून ओळखतो. पाच दिवस झाले, तिचा श्वास ऐकू आला नाही. माझ्यापायी तिने पळणं सोडलं का?"

मैदानाकडे पाठ करून उभे असले तरी बाबा सांगायचे, हा अमका आला, ह्याला धाप लागलीय. हे रेत्नोला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून तिने त्यांच्यापासून नेमका श्वासच लपवला होता.

"मग तू खरं सांगितलंस ना?"

"सगळं सांगितलं. त्यांना पटेना. म्हणाले, तसं असेल तर तिला म्हणावं, उद्या खोकत ये. मी रागवणार नाही."

दुसऱ्या दिवशी, मावशी उठायच्या आत, फोन उशीखालीच विसरून रेत्नो निघाली. आज तिने काहीच रोखलं नाही. चिंचेपासून धापा टाकत, खोकत ती खिडकीखाली आली आणि सरावात कधी थांबत नसे ती थांबली. मग मुद्दाम, मोठ्याने, पुन्हा खोकली.

खिडकीत आई आली. अंगणात शेजारच्या बायका चटया अंथरत होत्या.

"आत ये," आई म्हणाली.

"अगं, पण माझी सर्दी..."

"आता चालेल. बांगेच्या आधीच गेले ते."

रेत्नो पायरीवर बसली. तिला बुटाची नाडी सुटेना.