जानकीआजींचं काळं बोट

नाडी मोजणारा मी एक जुना चिमटा. दुकानात मला ऑक्सिमीटर म्हणतात. मित्रांनो, करोनाच्या साथीत मी घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवरच्या एका खोलीत आलो, तेव्हा घरातलं प्रत्येक बोट माझ्याकडे धाव घेई. साथ सरली आणि मी कपाटात सुईदोऱ्याच्या डब्याखाली पडलो. सेल पाझरून पोटात गंज धरला.

यंदा गंज खरवडून, नवे सेल घालून मला पुन्हा बाहेर काढलं ते जानकीआजींसाठी. स्वस्थ बसल्या तरी त्यांची नाडी शंभराच्या वर धावायची. त्यांचा धाकटा भाऊ गुणाजी असाच छाती धडधडते म्हणता म्हणता गेला होता. तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी सवयी बदलू. रोज चाला, पाणी प्या, चहा कमी करा, वेळेवर झोपा, श्वास सावकाश सोडा. तंबाखू असेल तर बंद, तीही नाडी पळवते. उतरली नाही तर गोळी बघू."

"आमच्यात कोण तंबाखू खात नाय," दत्ताराम आजोबांनी सांगून टाकलं.

आजींनी सगळं मनापासून पाळलं. संध्याकाळी सपाट रस्ता धरून चालल्या. चहा एका कपावर आणला. तरी सकाळी मला बोटाला लावलं की आकडा तसाच. "माझां पण गुणाजीसारखांच होतलां," त्या पुटपुटत. मी आकडा खरा दाखवत होतो, पण तो का चढतो ते सांगायला मला तोंड नव्हतं.

एके दिवशी नात श्रुतिका माझी काच पुसत होती. रुमालाला काळं लागलं. तिने ते हुंगलं.

"आजी, बोट दाखव. मशेरी लावलीस?"

"मगे? मशीन लावूचां नि घाणेरड्या तोंडान बसू?"

"अगं, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच ना."

"मी खंय खातंय? दात घासतंय."

"दिवसातून किती वेळा घासतेस?"

आजींनी काळं बोट पदरात लपवलं. आजोबा जमिनीकडे बघत म्हणाले, "तंबाखू मीच आणून देतंय. डॉक्टरणीक नाय म्हणान सांगणारो पण मीच."

आजींनी मशेरी सोडली, आणि मग कठीण दिवस आले. आजींचं डोकं ठणके, त्या भांडी आपटत. आजोबा शेजारी बसून सावकाश श्वास सोडत. "तुमचां काय जाता," म्हणत आजीही सोडत. आकडा हळूहळू उतरू लागला, आणि एका दुपारी परत चढला. श्रुतिका काही बोलणार, तोच आजी म्हणाल्या, "मगाशी शेजारणीकडची चिमूटभर घेतलंय. तुका खोटां नाय सांगणार."

श्रुतिका रागावली नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आजींचं बोट मुठीत धरून बसली.

मित्रांनो, माझी काच पुसत जा. काम नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. पण आकडा वाढला म्हणून माणसावर डोळे वटारू नका. मी आकडा तेवढा दाखवतो. त्यामागचं माणसानेच सांगायचं असतं, आणि ते तो शांतपणे ऐकणाऱ्यालाच सांगतो.