बाटलीतला पाला

आमच्या घरात आम्ही दोघी जावा, आणि दोघींची नोकरी एकाच प्रयोगशाळेत. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. धाकटी डोंगर चढून हिमनदीखालच्या ओढ्याचं पाणी आणते, मी ते यंत्रात घालते. यंत्र त्यावर उजेड टाकतं आणि पाण्यात काय काय कुजून विरघळलंय ते सांगतं. बर्फातून येतो तो माल हजारो वर्षांचा शिळा, पण पाण्यातले जंतू त्यावर तुटून पडतात. पानापाचोळ्याचा माल चिवट, तो त्यांना सहजी पचत नाही. आमच्या ओढ्यात कायम पहिलाच माल जास्त असायचा.

धाकटीच्या बाटल्यांत दुसरा, पानापाचोळ्याचा, वाढायला लागला.

मी तिला सरळ विचारलं, बाटल्या भट्टीत तापवून नेतेस ना? नुसतं धुऊन आमचं भागत नाही, काचेवरचा बोटाचा डागसुद्धा जाळावा लागतो. नेते, म्हणाली. हातमोजे? घालते. वर चहा? थर्मास लांब ठेवते. डोक्याला तेल? त्यावर तिने मला सुचवलं की एकदा यंत्रच तपासून घ्यावं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणाले, आणि त्या संध्याकाळी घरात भांडी जरा जोरात आपटली गेली. कोणी आपटली ते विचारू नये.

गोष्ट साहेबांपर्यंत गेली. पुढच्या खेपेलाही असंच निघालं तर धाकटीचं वर जाणं बंद, तिने खाली बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, असं ठरलं. तिचं तोंड एवढंसं झालं. लग्न ठरताना तिने माझ्या दिराला पहिला प्रश्न हाच विचारला होता, की मला डोंगरावर जाऊ देणार ना. मला वाईट वाटलं. पण मला वाईट वाटलं की मी जास्त बोलते, म्हणून मी म्हणाले, या खेपेचं पाणी मीच आणून दाखवते. साहेब म्हणाले, उत्तम, उद्याच जा. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी यंत्रापाशी बसायला लागले तेव्हापासून वर पाऊल टाकलं नव्हतं, आणि साहेबांचे गुडघे तर माझ्याहून जुने, त्यामुळे वर जायची ती एकटी धाकटीच.

सकाळी केस साबणाने दोनदा धुतले. वाटेतल्या प्रत्येक दगडाला नावं ठेवत, पाणी जिथे भरायचं त्या खुणेच्या खडकापर्यंत मी पोचले. यंत्रामागच्या भिंतीवर या खडकाचा फोटो आहे. त्यात खडकाला टेकून बर्फाची भिंत उभी आहे, आणि मी ती रोज बघते.

भिंत नव्हती. तिच्या जागी गवत होतं, शेवाळ होतं आणि माझ्या कमरेएवढी झुडपं होती. त्यांची पानं ओढ्यात पडत होती. बर्फ फार वर, वळणापलीकडे, मळक्या चादरीच्या टोकाएवढा दिसत होता. मी नियमाप्रमाणे प्रवाहाकडे तोंड करून, श्वास रोखून बाटली भरली. एक पान माझ्या हातमोज्याला घासून गेलं.

परत आल्यावर पाणी धाकटीने यंत्रात घातलं. आकडे तिच्या बाटल्यांसारखेच आले. मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, तिचा डोंगर तिला परत दिला आणि अहवाल लिहायला घेतला. मी पेढे मागायच्या तयारीत होते, पण धाकटी यंत्रासमोरून उठेना.

"तुला हे दर खेपेला दिसत होतं," मी म्हणाले. "मग बोलली का नाहीस?"

"माझ्याच हाताचा दोष निघावा असं वाटत होतं, ताई."

"अगं, मग डोंगर बंद झाला असता तुझा."

"झाला असता. पण ओढ्याचं पाणी तरी बर्फाचंच राहिलं असतं."

माझी चूक आजवर घरात कोणी काढलेली नाही, मी काढू दिलेली नाही. मी तिला सरकायला सांगितलं, यंत्र बंद करून पुसलं, आणि माझीच काहीतरी चूक निघावी म्हणून तीच बाटली पुन्हा लावली.