घरी गेलं म्हणायचं

या, असे जवळ सरकून बसा. पायांना रग लागली तर खुशाल पसरा. देवाच्या दारी आणि गोष्टीच्या दारी मानपान नसतो. एका साध्या शब्दानं एका घराला कसं कापरं भरवलं, ते सांगतो. मधेच मात्र उठू नका, नाहीतर भीती तेवढी पदरात घेऊन जाल आणि पुढचं राहून जाईल.

एक घड्याळजी होते. दुकान कधीच बंद केलेलं, पण भिंग लावायची सवय डोळ्यातून गेली नव्हती. माणसाकडे बघतानाही एक डोळा बारीक करत. त्यांची एकुलती एक लेक दवाखान्यात होती. छातीत पाणी झालेलं, आणि ताप उतरायचं नाव घेत नव्हता. जावई तिच्या उशाशी बसलेले, आणि त्यांची मुलगी इकडे आजोबांकडे. रांगत्या वयात तिनं आजोबांचा घड्याळं उघडायचा चिमटा तोंडात घातला होता, तेव्हापासून तिचं नावच चिमटी पडलं. दवाखान्यात लहान मुलांना आत सोडत नसत. दिवसभर ती खिडकीच्या गजांत नाक खुपसून उभी राही.

तिचं मन रमावं म्हणून आजोबांनी बुद्धिबळाचा पट काढला. खेळाच्या बाबतीत माणूस मोठा कडक. हात लावला की मोहरा हलवलाच पाहिजे, देवाचीही भीड नाही. पहिल्याच डावात त्यांनी तिचं प्यादं उचललं आणि सवयीनं म्हणाले, "मेलं."

पोरीचा चेहरा पडला. "आजोबा, असं नाही म्हणायचं."

"मग कसं म्हणायचं?"

"घरी गेलं म्हणायचं."

आजोबांनी मान डोलावली. पट थोडाच वाकडा होणार होता? पण दार एकदा किलकिलं झालं की वारा काही परवानगी मागत नाही. दुसऱ्या दिवशी घोड्याला प्यादं पाठीवर बसवून न्यायची मुभा मिळाली. मग 'शह' हा शब्द गेला. त्याऐवजी "राजा, सांभाळ" म्हणायचं. आणि आई येईपर्यंत डाव मोडायचा नाही.

खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका रोज चहाला येत. आजोबांचे पटावरचे खरे जोडीदार तेच. पटाकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "घड्याळजी, जन्मभर लोकांचे काटे सरळ केलेत आणि स्वतःचा पट असा उसवलात? उद्या हत्तीला पाळण्यात घालाल."

"काका, तो नियम उद्याचा आहे," चिमटी म्हणाली.

शिंपीकाकांचा चहा नाकात गेला. आजोबाही हसले. पण ते हसू फार टिकलं नाही, कारण लगेच तिनं आपला वजीर उचलून दाखवला. "आणि ही आई. ती सरळपण जाते, तिरकीपण जाते. सगळ्यांकडे तीच बघते ना."

 तेव्हापासून आजोबांचा हातच चालेना. तिचा वजीर आपल्या मोहऱ्याच्या माऱ्यात आला की ते मोहरा गुपचूप बाजूला घेत. मनात रामनाम आणि डोळे पटावर. आपण काही असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारे नाही, असं ते स्वतःला बजावत आणि पुन्हा उंट मागे घेत. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "चिमटे, एक नियम मी करू? घरी गेलेला परत पटावर येऊ शकतो."

तिनं गाल फुगवून विचार केला. "नको. घरी गेलं की गेलं. नाहीतर खेळाला काय अर्थ?"

त्या संध्याकाळी जावयांचा फोन आला. चिमटी रोज आईच्या शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंची चौकशी करी. त्या आजी आईजवळ हिचं सारखं नाव काढत, म्हणून. आजही तिनं विचारलं.  जावई चाचरत म्हणाले, "आजी ना? त्या... तुझ्या खेळात म्हणतात तसं. घरी गेल्या."

"अय्या, बऱ्या झाल्या?"

आजोबांनी फोन हळूच तिच्या हातून घेतला. पुढचं त्यांनी एकट्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डाव भरात आला होता. शिंपीकाका मांडीवरच्या सदऱ्याला काजं करत बसलेले. चिमटीनं घाईत वजीर पुढे काढला, तो थेट आजोबांच्या उंटाच्या तिरक्या वाटेत. आजोबांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं करून कडेचं प्यादं सरकवलं.

"तुम्ही मुद्दाम सोडलंत," ती म्हणाली.

"नाही गं, लक्ष नव्हतं."

"भिंगातून बारीक स्क्रू दिसतात, आणि एवढी मोठी आई दिसत नाही? नवीन नियम. मुद्दाम सोडलं तर डाव मोडला. एकदा माफ. घ्या, परत खेळा."

आजोबांचा हात पटावर अधांतरी राहिला. वजीर घ्यावा तर आई घरी जाते. सोडावा तर डाव मोडतो, आणि डाव तर आई येईपर्यंत मोडायचा नाही. शिंपीकाकांची सुई थांबली. "खेळच आहे हो," ते म्हणाले, पण सुई काही पुढे गेली नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"अण्णा..." जावयांचा आवाज गर्दीतून येत होता, तुटत होता. "हिला... घरी पाठवलं... आत्ताच... मी येतोच..." आणि फोन बंद पडला.

आजोबा उभ्याउभ्या भिंतीला टेकले. पुन्हा लावून पाहिला, लागेना. शिंपीकाकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सदरा बाजूला ठेवला.

"बाबा काय म्हणाले?" चिमटीनं विचारलं.

खोटं बोलायला जीभ वळेना, खरं बोलायला उचलेना. "आईला... घरी पाठवलं म्हणाले."

पोर पटाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "कुठल्या घरी, आजोबा? आपल्या, का त्या घरी?"

 आजोबांनी तिला कुशीत ओढलं. तिचं काळीज त्यांच्या बरगड्यांवर आपटत होतं, जास्त चावी दिलेल्या घड्याळासारखं. शिंपीकाका दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले. पटावरचा वजीर आपल्या जागी उभा होता, त्याच्याकडे कोणी बघेना. देवा, हा शब्द मी घरात येऊ दिला, आजोबा मनात म्हणत होते. मला ने, पण तिला नको.

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. जिन्यावर पावलं वाजली. दोन पावलं, मग थांबणं, पुन्हा दोन. आजोबांनी चिमटीला आणखी घट्ट धरलं. खांद्यावरून कुणाला आणताना पावलं अशीच वाजतात.

दार ढकललं गेलं. दारात लेक उभी होती, जावयांच्या खांद्याला धरून, घामानं निथळलेली. "हा जिना कुणी वाढवला का हो? पाणी द्या आधी."

कुणी हललं नाही.

"असे काय बघताय? ताप उतरला म्हणून घरी पाठवलं. यांनी सांगितलं नाही का?"

"सांगितलं की," जावई गोंधळून म्हणाले. "तेच तर सांगितलं."

"जावईबापू," शिंपीकाका धाप टाकत म्हणाले, "तुमच्या जिभेला मी काज करून बटण लावणार आहे."

आजोबांनी लेकीचं मनगट धरलं आणि कानाशी नेलं. घड्याळ चालतंय का बघताना धरत, तसं. बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. चिमटी आईच्या पोटाला बिलगली होती. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि पटाशी गेली.

"आता 'मेलं' म्हणायचं, पहिल्यासारखं. 'घरी' हा शब्द आता आईसाठी लागतो."

"सुटलो," शिंपीकाका म्हणाले. "मग हा वजीर..."

"हात लावलात तर तुमचीच कात्री आणीन," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी पट सगळाच्या सगळा आवरून ठेवला.

आई पाणी पिऊन पडून राहिली. तिच्या उशाशी बसून चिमटीनं विचारलं, "मग त्या आजी? त्या कुठल्या घरी गेल्या?"

आईनं वडलांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "जिथून आपण सगळे आलो, त्या घरी गं. तिथं त्यांना दार उघडायला कोणीतरी आहे."

त्या आजीबाईंना न्यायला दवाखान्यात कोणी आलं नाही, असं लेकीनं पुढे सांगितलं. तर मंडळी, उठण्याआधी एवढं करा. डोळे मिटून क्षणभर त्या आजीबाईंची आठवण काढा. ज्या पोरीला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, तिचं नाव त्या रोज घेत होत्या.