उतरलेली साखर

भवानी पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान चालवणाऱ्या रेवणसिद्धला मधुमेह जुनाच होता. गोळ्या वाढल्या, मग इन्शुलिनही सुरू झालं, तरी साखर दोनशेच्या खाली यायला तयार नव्हती. त्यातच रक्तात हिपॅटायटिस सी, म्हणजे लिवर खराब करणारा विषाणू, निघाला. तरुणपणी अपघातानंतर रक्त चढवलं होतं, त्यातून आला असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यावर तीन महिने रोज एक नवी गोळी घ्यायची होती.

औषध सुरू होऊन महिना झाला असेल. दुपारी गिऱ्हाइकापुढे चादर उलगडता उलगडता रेवणसिद्ध गप्प झाला. घाम फुटला, हात थरथरायला लागले. गिऱ्हाइकाने भाव विचारला तर त्याच्यावरच खेकसला. दुकानामागेच घर होतं. सून राजेश्वरी साखर मोजायचं मशीन घेऊन धावत आली, बोट टोचलं. साखर पार अठ्ठावन्नवर उतरली होती. तिने साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा कुठे तो माणसात आला.

"ह्या नव्या गोळ्यांनीच व्हतंय समदं," त्याची बायको अक्कम्मा म्हणाली. "बास झालं आता."

संध्याकाळी गोळ्यांची बाटली जागेवर नव्हती.

"मीच ठेवलीय," अक्कम्मा म्हणाली. "मला माणूस पायजे. लिवरचं बघू नंतर."

राजेश्वरी भांडली नाही. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आत्या, तुमीच विचारा की."

अक्कम्माने चाचरत सगळं सांगितलं.

"ती गोळी अजिबात बंद करू नका," बाई म्हणाल्या. "विषाणू कमी झाला की शरीराला इन्शुलिन नीट लागू पडतं. म्हणून जुना डोस आता जास्त होतोय. आज रात्रीचं इन्शुलिन देऊ नका, सकाळी घेऊन या. हे मी आधीच बजावायला हवं होतं."

"म्हंजे गुण आला म्हणून ह्यांना घाम फुटला?"

"तसंच म्हणा."

अक्कम्मा उठली. ज्वारीच्या डब्यात हात घालून तिने बाटली काढली आणि पाण्याच्या तांब्यासकट नवऱ्यापुढे ठेवली. त्याच्याकडे बघितलं मात्र नाही.

इन्शुलिन आधी कमी झालं, पुढे सुटलंच. शेवटच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. रेवणसिद्धला वाटलं, आता साखरही गेली. उन्हाळाभर त्याने आमरस ओरपला आणि साखर पुन्हा चढली. मधुमेहाची एक गोळी कायमची राहिली.

"आजार गेला की माझा," अक्कम्माने पुढ्यातली आमरसाची वाटी उचलली तसा तो कुरकुरला.

"त्यो गेला," अक्कम्मा म्हणाली. "साखर हाय हितंच. भाकरी खावा."