पाठीवरचा खोटा आकडा

मी एक जुना एसएमपीएस आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक डबा असतो, त्याला एक पंखा असतो आणि त्याच्या पोटातून रंगीत वायरींचा झुबका निघतो. तो मी. भिंतीतली वीज घ्यायची, तिचे लहान लहान घास करायचे आणि प्रत्येक पार्टला झेपेल तेवढे भरवायचे, हे माझं काम. घरात सगळ्यांना वाढणाऱ्या बाईला तू जेवलीस का असं कुणी विचारत नाही, तसंच माझंही आहे.

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. ज्या बाईनं मला जोडलं तिचे हात चलाख होते, पण तिच्यापुढे ठेवलेलं सामान हलकं होतं. दोनशे वॅट कसेबसे पेलीन, एवढाच माझा जीव. तरी पाठीवर स्टिकर लागलं, ४५० वॅट. एवढा हलका डबा कोण घेणार, म्हणून पोटाच्या एका कोपऱ्यात सिमेंटचा तुकडा चिकटवला. मला जन्मापासून या गोष्टीची लाज वाटते. पण मला तोंड नाही.

वडश्यात कॉम्प्युटर विकणाऱ्या विक्कीच्या दुकानातून मी चंचलच्या कॉम्प्युटरमध्ये बसून तिच्या गावी गेलो. नदीकाठचं गाव. तिची आई ताराबाई मासे विकायची. चंचल वीस वर्षांची, सकाळी आईला हातभार लावायची आणि दुपारी गेम खेळायची. साधासुधा खेळ नव्हता तो. चार-चार जणांच्या टोळ्या, तिचा नेम असा की समोरचा झाडाआड लपायच्या आधीच पडायचा. चार वर्षं मी तिला मुकाट्यानं वीज पुरवली. पडद्यावर चित्रं उमटवणारं ग्राफिक्स कार्ड लहान होतं, त्याची भूक कमी होती, म्हणून माझं खोटं झाकलं गेलं.

मग नागपूरच्या एका टीमनं तिचा खेळ पाहिला. त्यांना एक खेळाडू हवा होता आणि निवड रविवारी होणार होती. चंचलचा आनंद गगनात मावेना. अडचण एकच, ऐन मारामारीत स्क्रीन अडकायची. एक पार्ट बदलता येईल एवढीच तिची ऐपत होती. कोणता बदलायचा?

तिनं घाईगर्दी केली नाही, हे मी शपथेवर सांगतो. गेम चालू ठेवून तिनं एकेक पार्ट तपासला. रॅम अर्धी रिकामी होती. प्रोसेसर निवांत होता. कार्ड मात्र धापा टाकत होतं. म्हणजे कार्डच बदलायचं. नव्या कार्डाला किती वीज लागते ते तिनं वाचलं, बाकीच्या पार्टांची त्यात मिळवली, बेरीज तीनशेवर गेली. मग तिनं मला बाहेर काढून पाठीवरचा आकडा वाचला.

"साडेचारशे हाये. आरामात चालते," ती म्हणाली.

तिचा हिशोब बरोबर होता. माझा आकडा खोटा होता.

तेवढ्यात ताराबाईंनी मला सहज हातावर घेतलं. त्यांनी मला तळव्यावर आडवा धरला आणि मी एका कोपऱ्याकडे कललो. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पोरी, ह्याच्या पोटात काईतरी भरलं हाये."

"आई, तो मासा नोहे."

"मासाच पायजे असं काऊन? पोटात गोटे भरून मासा इकणारे मी लय पाह्यले. वजन भरते, पन ते एकाच बाजूले जाते. हा बी तसाच कलते."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, सुटलो! पण चंचल हसली आणि तिनं मला परत जागेवर बसवून चारी स्क्रू घट्ट आवळले.

नवं कार्ड आलं. दिसायला देखणं आणि खायला राक्षस. पहिल्याच दिवशी माझ्या आतली तार तापली आणि वास सुटला. पण पडवीत मासळी वाळत घातलेल्या घरात वासाचं कोण मनावर घेणार? दुसऱ्या दिवशी मला भोवळ आली आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन सुरू झाला. चंचल म्हणाली, "धानाच्या मोटारी चालू झाल्या असतीन, लाइन कमी येऊन राह्यली." मी घरघरलो, तर तिनं हेडफोनचा आवाज वाढवला. मला भीती वाटत होती आणि ती भीती मी कुणालाच देऊ शकत नव्हतो.

गुरुवारी दुपारी सरावात मी फुटलो. मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि ताराबाईंनी हातातलं काम टाकून भिंतीवरचं बटण बंद केलं. मी एकटा गेलो नाही. नवं कार्ड आणि मदरबोर्डही घेऊन गेलो.

धूर निवल्यावर ताराबाईंनी माझं झाकण उघडलं, सिमेंटचा तुकडा उपटून काढला आणि लेकीच्या हातावर ठेवला. मी सांगितलं होतं, असं त्या बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हा डबा कोनाले देऊ नको. पुरून टाक."

पण रविवार तीन दिवसांवर होता. चंचल मला आणि तो तुकडा घेऊन वडश्याला गेली. विक्कीनं दोन्ही पाहिलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"मले काय मालूम, चंचल? माल जसा येते तसा मी इकतो."

"माझं कार्ड गेलं, विक्कीभाऊ. रविवारी माझी निवड हाये."

विक्कीनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "कार्ड देतो, बोर्ड देतो, चांगल्या कंपनीचा डबा देतो. उद्याच बसवून देतो. पन हे दोन्ही इथीच ठेव, अन् बाहेर बोलू नको. माझं दुकान बसन."

"ह्याचं काय करशीन?"

"ते तू कायले इचारते?"

चंचलनं तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, मला घेऊन जा, पुरून टाक. तिनं तुकडा काउंटरवर ठेवला आणि ती शटरखालून वाकून बाहेर गेली. मी तिला दोष देऊ का? तिची जागा मी जाळली होती. ती तिला परत मिळत होती.

विक्कीनं माझे जळके पार्ट काढले, स्वस्तातले नवे लावले, सिमेंटचा तुकडा होता तिथेच चिकटवला. पाठीवर नवं स्टिकर आलं, ६०० वॅट.

आता मी सिंदेवाहीला आहे. धनराजभाऊ भातगिरणीत कामाला आहेत, त्यांनी मला त्यांच्या लेकीसाठी, जयासाठी नेलं. जया चौदा वर्षांची आहे. तिच्या टेबलाखाली मी चालतो आणि तिचे अनवाणी पाय माझ्यापासून वीतभर अंतरावर असतात. थंडीत ती पाय पेटीला टेकवून बसते, मी कोमट असतो म्हणून.

जयाला एकच वेड आहे, नागपूरच्या टीममधली चंचलताई. रोज संध्याकाळी चंचल लाइव्ह येते, खेळता खेळता लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. रॅम घेऊ की कार्ड घेऊ, सगळे तिला विचारतात आणि ती प्रेमानं समजावते. काल जयानं लिहिलं, ताई, मी नवं कार्ड घेऊन राह्यली, माझा डबा सहाशेचा हाये, चालन ना?

चंचलनं हसत विचारलं, "कुठून घेतला, जया?"

जयानं लिहिलं, वडश्यावरून, विक्कीभाऊच्या दुकानातून. जुनाच हाये, पन मस्त हाये.

चंचलचा माउस थांबला. खेळातला तिचा माणूस उघड्या मैदानात उभा राहिला आणि कुणीतरी त्याला टिपलं, तरी ती हलली नाही. मग तिनं दुसऱ्याच कुणाचा तरी खालचा प्रश्न वाचायला घेतला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी पहिल्याच दिवशी बोललो असतो. ज्यांना तोंड आहे त्यांच्याकडे माझी विनवणी आहे. तुमच्यापैकी कुणी सिंदेवाहीच्या जयाला ओळखत असेल, तर तिला सांगा, बटण बंद कर, पाय मागे घे आणि बाबांना हाक मार. आज बुधवार आहे. तिचं नवं कार्ड शनिवारी येणार आहे.