सात ठोक्यांची शांतता

फाल्गुनातली दुपार. मिरजेच्या माळावर ऊन पिकून पिवळं पडलेलं, आणि त्या पिवळ्या, पानगळल्या, पाखरहीन प्रकाशात चिंचेची बारीक पानं एकसारखी झडत होती. झडत होती आणि झडतच होती. माळापलीकडे क्षयाचा जुना दवाखाना होता. हन्नाबाईंच्या ओसरीवरून त्याची कौलं तेवढी दिसत.

त्या ओसरीवर आज दोन रेकॉर्डी शेजारी शेजारी पडल्या होत्या. एक साठ वर्षांची, ओरखड्यांनी करपलेली, कडेला कपची उडालेली. दुसरी कालच छापून आलेली, काळीभोर, कोरी, आरशासारखी. दोन्हींवर नाव एकाच माणसाचं होतं.

सिलास आवळे. मिरजेच्या चर्चमध्ये भजनं गात वाढलेला हा पोरगा मुंबईच्या एका हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचा. शुभ्रवस्त्र, कृशकाय, कृष्णनेत्र. पितळी कंठातून जॅझचे निळे, नितळ, निःश्वासभारले सूर सोडायचा, आणि जेवणाऱ्यांचे काटेचमचे हातात राहून जायचे. उभ्या आयुष्यात त्याची रेकॉर्ड निघाली ती एकच. तिच्यावर त्यानं स्वतः बांधलेली एक धून होती, ‘माळावरचा वारा’. त्यानंतर चौदा महिन्यांनी तो गेला, तेव्हा त्याची बायको हन्ना तेवीस वर्षांची होती.

त्या धुनेच्या ऐन मध्यावर सूर चढू लागतो. चढतो, चढतो, शिखरापाशी येतो आणि थांबतो. सॅक्सोफोन थांबतो, पियानो थांबतो, ड्रम थांबतो. सात ठोके काही नाही. नुसती एक पुसट सळसळ ऐकू येते, मग सूर परततो तो खालून, दमल्या पावलांनी, आणि धून कशीबशी घरी पोचते.

जाणकारांनी त्या सात ठोक्यांचं काय काय केलं. कुणाला त्यात समाधी दिसली, कुणाला मृत्यूची चाहूल. ती सळसळ म्हणजे माळावरचा साक्षात वारा, असंही कुणीसं छातीठोकपणे लिहिलं. माणसं लिहिण्यावर आली की थांबत नाहीत. हन्नाबाईंनी ती सगळी कात्रणं बायबलच्या पानांत जपून ठेवली होती.

नवी रेकॉर्ड घेऊन आला होता ऋत्विज पाटणकर, पुण्याचा, पस्तिशीचा, स्वतः सॅक्सोफोनवाला. सिलासला मानवंदना म्हणून त्यानं ती जुनी रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्यानं वाजवली होती. हजार प्रती छापून झाल्या होत्या. पहिली प्रत त्याला आजींच्या हातात द्यायची होती, म्हणून तो रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणि आपला सॅक्सोफोन गाडीत घालून इथवर आला होता.

हन्नाबाई त्याचीच वाट बघत होत्या. सहा महिन्यांपूर्वी त्याचं पत्र आलं, तेव्हापासून त्या ब्याऐंशी वर्षांच्या देहात एकच आशा तेवत होती. या खेपेला सूर थांबणार नाही. धडधाकट छातीचा माणूस आहे, शिखर चढून जाईल, आणि सिलासच्या मनातली धून मरायच्या आधी एकदा अखंड कानी पडेल.

ऋत्विजनं सुई टेकवली. ओरखडा नाही, खरखर नाही. सोनसळी, सघन, समृद्ध स्वर ओसरीभर पसरला. सिलासचा सूर कातर होता, हा भरघोस होता. सिलासचा पियानो शेजारच्या खोलीत असल्यासारखा वाजे, हा मांडीशी येऊन बसला. सगळं जुन्यापेक्षा सरस होतं, आणि हन्नाबाईंना ते मनापासून आवडलं.

सूर चढू लागला. हन्नाबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. चढला, चढला, शिखरापाशी आला.

थांबला.

सात ठोके. आणि त्या सात ठोक्यांत, अगदी जिथल्या तिथे, ती सळसळ.

“दीडशे वेळा घेतली ही जागा, आजी,” ऋत्विज हलक्या आवाजात म्हणाला. “केसाचाही फरक नाही. ती सळसळसुद्धा. तारांचा ब्रश ड्रमच्या कातड्यावरून ओढला, तेव्हा कुठं जमली.”

हन्नाबाईंच्या डोळ्यांपुढे ती रेकॉर्डिंगची खोली आली. बंद दारांची, बंद खिडक्यांची, कोंदटलेली खोली. भिंतीशी स्टुलावर बसलेली बावीस वर्षांची हन्ना, अंगावर मोतिया रंगाची साडी. सूर चढत होता, आणि सिलासचा चेहरा पांढरा पडत होता. मग त्यानं सॅक्सोफोन बाजूला केला, दोन पावलांत तिच्यापाशी आला, आणि खोकला बाहेर फुटू नये म्हणून तिचा पदर तोंडात कोंबला. ते बघून पियानोवाल्याचे हात वर राहिले, ड्रमवाल्याच्या काठ्या वर राहिल्या. पदर सळसळला. सात ठोक्यांनी तो परत गेला, तेव्हा मोतिया रंगावर ओलं, उष्ण, लाल रक्त होतं.

दुसऱ्यांदा वाजवायला त्याच्या छातीत काही उरलं नव्हतं. जे झालं होतं तेच छापलं गेलं.

“हन्ना, कुणाला बोलू नकोस,” तो त्या संध्याकाळी म्हणाला होता. “फुंकणाऱ्याचा दम गेला म्हटलं की त्याला कुणी दारात उभं करत नाही.” ती बोलली नाही. तो गेल्यावर बोलता आलं असतं. पण तोवर कौतुक सुरू झालं होतं; त्या रक्ताला लोक प्रतिभा म्हणू लागले होते, आणि खरं सांगायचं तर हन्नाला ते गोड वाटलं. साठ वर्षं ती गप्प राहिली, आणि आता ती चूक हजार प्रतींत छापून तिच्या पायाशी येऊन पडली होती.

“थांबला नव्हता रे तो,” हन्नाबाई म्हणाल्या. “खोकत होता. ही सळसळ माझ्या पदराची आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना त्या रडल्या नाहीत. ऋत्विजची मान मात्र खाली खाली जात राहिली. तीन वर्षं तो त्या शांततेची पूजा करत आला होता. शेवटी त्यानं विचारलं, “मग पुढं काय होतं, आजी? तिथं न थांबता गेला असता, तर?”

“मला येतं ते,” हन्नाबाई म्हणाल्या.

येत होतं. पलीकडच्या दवाखान्याच्या त्या कौलांखाली, शेवटच्या महिन्यांत, सिलासला फुंकायची बंदी होती, गुणगुणला तरी खोकला उसळे. तेव्हा तो हन्नाचा हात जवळ ओढून घेई, आणि कोपरापासून मनगटापर्यंत सॅक्सोफोनच्या चाव्या दाबाव्यात तशी बोटं दाबत राही. ती राहिलेली धून तो तिच्या हातावर वाजवी. निःशब्द, निःस्वर, रोज. आणि तिला ती कळे.

हन्नाबाईंनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. म्हातारा, चिरका, पण सुरातला गळा. सूर चढला, शिखरापाशी आला, आणि थांबला.

पुढं काही येईना. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा तिथंच. साठ वर्षं, दर रविवारी, प्रार्थनेहून परतल्यावर त्यांनी ती रेकॉर्ड ऐकली होती. ऐकून ऐकून सात ठोके एवढे खोल रुतले होते की त्यांच्याखाली होतं ते कधीच चेपून गेलं होतं. सिलासची धून जपायला म्हणून ज्या रेकॉर्डला त्यांनी उराशी धरलं, तिनंच ती गिळली होती. हन्नाबाईंना हे कळलं, ते आत्ता.

“हात दे तुझा,” त्या म्हणाल्या.

ऋत्विजनं हात पुढं केला. हन्नाबाईंची सुरकुतली बोटं त्याच्या कोपराखाली टेकली. तीन बोटं दाबली, उचलली. दोन दाबली. मग वरची एक आणि मनगटाजवळची एक, दोन्ही मिळून, घट्ट. मग बोटं हवेत राहिली. कुठं उतरायचं ते त्यांना आठवेना.

बोटं बराच वेळ हवेत होती. मग त्यांनी ती मांडीवर घेतली, आणि पदराखाली झाकली.

ऋत्विज उठला. गाडीतून सॅक्सोफोन घेऊन आला, ओसरीच्या पायरीवर उभा राहिला, आणि वाजवू लागला. माळावर सूर चढला. पिवळ्या उन्हात चढला, झडत्या पानांत चढला, शिखरापाशी आला, आणि थांबला नाही. हातावर दाबला गेलेला पहिला सूर पुढं गेला. दुसरा गेला. तिसरा गेला.

मग तो थांबला. चिंचेची पानं झडत होती. माळ तोच होता, कौलं तीच होती, शांतता तीच होती. फक्त तीन सूर पुढं सरकलेली.